धाकटीची सही

धाकटीचं वय एकोणचाळीस, पण घरात ती अजून धाकटीच. हिशेब तिच्या डोक्यात शिरत नाही, वाचताना अक्षरं अडतात. म्हणून आई गेल्यावर कोर्टाने दादाला तिचा पालक नेमलं. पण हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ऑपरेशनची एकेक चादर ती दिव्यासमोर धरायची आणि टाचणीएवढं भोक दिसलं तरी बाजूला टाकायची. मग गठ्ठा बांधून चिठ्ठीवर सही. तिच्या सहीशिवाय ऑपरेशनच्या खोलीत गठ्ठा कोणी आत घेत नसे. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या आठवड्यात इस्त्रीच्या यंत्राचा तिच्या मनगटाला चटका बसला. नखाएवढा फोड. सुपरवायझरबाईच्या दोन्ही हातांवर असे डाग होते, पण त्या बाईला पालक नव्हता. धाकटीच्या दादाने मात्र घर डोक्यावर घेतलं.

आणि आज हेडक्लार्कने तिला बोलावून कागद दाखवला. तिचा राजीनामा. खाली दादाची सही.

"मी नाही दिला हा," धाकटी म्हणाली.

"पालकांनी दिलाय ना, एकच झालं."

"एकच कसं? चादरी दादा बघतो का?" तिचा आवाज चढला. "मी लिहून देते, मला काम करायचंय."

"तुमची सही चालत नाही हो, ताई. कायदा आहे."

कुठला कायदा, ते बघायची तसदी या गृहस्थाने घेतली नव्हती. कोर्टाच्या कागदात घर आणि बँक एवढंच लिहिलं होतं, नोकरीचा उल्लेखही नव्हता. तो कागद त्याच्याच कपाटात धूळ खात पडला होता.

दादा तिला न्यायला दाराशीच उभा होता.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुला काय कळतंय त्यातलं? तुझ्या भल्यासाठीच केलं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती रडली असती, तर दादाने पाठीवरून हात फिरवला असता आणि विषय संपला असता. म्हणून ती रडली नाही.

तेवढ्यात सुपरवायझरबाई चिठ्ठ्या घेऊन धावत आली. "अगं, सकाळचे अकरा गठ्ठे बिनसहीचे राहिलेत! डॉक्टर खोळंबलेत वर."

"बघितलेत मी सगळे. चांगले आहेत."

"मग सही कर की!"

"माझी सही चालत नाही म्हणे. साहेबच म्हणाले." हेडक्लार्क टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागला. धाकटीने चिठ्ठ्या घेतल्या आणि पेनासकट दादाच्या हातात कोंबल्या. "हा करेल."

दादा बावचळला. "मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मग राजीनाम्यातलं कसं कळलं रे?"

वरून फोन आला. पेन अजून दादाच्याच हातात होतं.