पाछ आणि पाच

घाटंजीच्या फुटबॉल स्पर्धेसाठी धरमसिंग नायकांनी नागपूरहून अश्वजितला आणलं आणि बंजारा तांड्याच्या संघाची दहा नंबरची जर्सी त्याला दिली. सहा वर्षं ती बादलच्या अंगावर होती. बादल कर्णधार. त्याच्या वाट्याला पाच नंबर आला.

अश्वजितला तीन सामन्यांचे तीस हजार ठरले होते. तांड्यात कुठल्याच खेळाडूला आजवर जेवणापलीकडे काही मिळालं नव्हतं.

"अमेरिकेतबी हेच केलं," गोलकीपर शाम मोबाइल पुढे करत म्हणाला. "एक महागडा खेळाडू आणला, स्टेडियम भरून गेले."

"स्टेडियम भरले. खेळ सुधरला काय त्यायचा?" बादल म्हणाला.

"तुले काहून झोंबून राह्यलं?"



नायकांनी अट आधीच सांगितली होती, "तीन सामन्यांत ज्याचे गोल जास्त, पुढल्या वर्षीचा संघ त्याच्या हाती. अश्वजित असो का बादल."

पहिल्या सामन्याला गर्दी दुप्पट झाली. मैदानाकडे कधी न फिरकलेल्या सुखीबाईने दोरीजवळची जागा धरली. याच सामन्यात बादलच्या एक गोष्ट लक्षात आली. तांड्याची पोरं मैदानावर गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, हाका मारत. मागून कुणी अंगावर आलं की 'पाछ!', म्हणजे मागे. अश्वजितच्या घरची भाषा मराठी. त्याला 'पाच' ऐकू यायचं. शाम ओरडला की तो चेंडू सरळ पाच नंबरला, म्हणजे बादलला द्यायचा.

शब्द समजावून सांगणं कर्णधाराचं काम होतं. बादलने तो सांगितला नाही.

दोन सामन्यांत बादलचे तीन गोल झाले, अश्वजितचे दोन. दुसरा सामना संपल्यावर सुखीबाई मोठ्याने म्हणाली, "काय पास देते ते पोट्टं! सहा वर्षांत जमलं नाही ते बादलकडून करून घेतलं त्यानं."

बायका हसल्या. बादल चार पावलांवर उभा होता. गोल त्याचे होते आणि टाळ्या दुसऱ्याला पडत होत्या.

फायनलच्या सकाळी तो नायकांच्या घरी अश्वजितच्या खोलीत गेला. "दहा नंबर माहा आहे. आज मी घालतो."

भांडण होईल या तयारीने तो आला होता. अश्वजितने खुंटीवरची जर्सी काढून त्याच्या हातात दिली. "घ्या ना भाऊ. मले कोणताबी चालते. तुमचा पाच द्या."

तो भांडला असता तर बरं, असं बादलला वाटलं.

बाविसाव्या मिनिटाला अश्वजितच्या मागून बचावपटू धावून आला. शाम ओरडला, "पाछ!" उजवीकडे मोकळा असलेल्या बादलने हात वर केला. अश्वजितने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाच नंबर आता तोच होता. आपल्यालाच मारायला सांगताहेत असं समजून तो चेंडूसकट वळला आणि त्याने गोल केला.

दोघांचे गोल आता तीन-तीन.

उत्तरार्धात समोरच्या संघाने बरोबरी केली. शेवटची पाच मिनिटं उरली असताना चेंडू पुन्हा अश्वजितकडे आला. बादल पुन्हा मोकळा होता. अश्वजितच्या मागून येणारा बचावपटू त्याला दिसला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "पाछ!"

अश्वजित वळला. चेंडू जाळ्यात गेला.

तांडा मैदानात घुसला. नायकांनी माईक हातात घेतला आणि पुढल्या वर्षीचा संघ अश्वजितचा, असं सांगून टाकलं. सुखीबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

गर्दीतून वाट काढत अश्वजित बादलकडे आला. "भाऊ, तुमच्या आवाजावर मारला. नाही तं मी पास देणार होतो."

"कोणाले?"

"तुमालेच. तुमी मोकळे होते ना."

ट्रॉफी घ्यायला नायक कर्णधाराचं नाव पुकारत होते. बादलने "आलो" म्हटलं आणि बुटाची नाडी सोडायला खाली बसला.