चूर्णाची डबी

"तू दोन दिस बीडला काय गेलीस, मी दोन दिस पाण्यासंगं जेवलो. पहिल्या दिशी वरण आळणी, दुसऱ्या दिशी खारट. अन् हिला घेऊन इतक्या लांब जायचं?"

नथमलशेट हे आपल्या बायकोला दबक्या आवाजात आणि मारवाडीत म्हणाले. पण दाराआड ओटा होता आणि ओट्याशी उषाबाई होती. जुन्या जालन्यातल्या या घरात बावीस वर्षं पोळ्या लाटता लाटता तिला मारवाडी मराठीइतकीच समजायला लागली होती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगायला ती काही खुळी नव्हती.

"हळू बोला," राजकुमारीबाई म्हणाल्या. "अन् मी हाय ना संगं, मी..."

पुढचं कुकरच्या शिट्टीत गेलं.

उषाबाईने गॅस बारीक केला. लाटणं थांबवलं नाही. तिने एवढंच ठरवलं, की आपण जायचं. पासपोर्ट झाला होता, त्यावर फोटो चोरासारखा आला होता, तरी जायचं. न गेलो तर हे लोक महिनाभर दुसऱ्या कुणाच्या हातचं खातील, आणि फरक कळेल.

कारण खरी गोष्ट अशी होती, की करोनाच्या दुसऱ्या लाटेत उषाबाईला ताप आला आणि जाताना तिचा वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. एसटीची पाहावी तशी तिने वाट पाहिली. येणारच आहे म्हटल्यावर थांब्यावरून उठताही येत नाही. पाच वर्षं झाली. मोहरी तिला तडतडण्यावरून कळायची, जिरं रंगावरून, पोळी फुगण्यावरून. मिठाचं काय करायचं? एकदा मीठ घातलं, की बरणीचं झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे दुसऱ्यांदा पडत नाही. आणि घालताना हात आखडायचा. आळणी झालं तर माणूस वरून घेतो, खारट झालं तर बोलतो.

गंमत म्हणजे वरून कुणी घेत नसे. ताटं चाटून पुसून येत. आपला हातच बसला, असं उषाबाई समजून चालली होती.

जिभेविना स्वयंपाकीण कोण ठेवील? मग परत गावी, वाटूरला. तिथे धाकटा भाऊ भागवत, त्याचं घर, आणि ताट वाढताना भांडं जरा जोरात ठेवणारी भावजय. इथे शेटजींच्या दुकानामागे दहा बाय दहाची खोली होती, पण किल्ली उषाबाईच्या कनवटीला होती.

*

शेटजींचा नातू अमन स्पेनच्या दक्षिणेला सेव्हिल नावाच्या जुन्या शहरात विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. आजी-आजोबांनी एकदा यावं म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. राजकुमारीबाईंची अट एकच होती, उषा येत असेल तर. बाहेरचं त्या खात नसत.

पहिले चार दिवस झकास गेले. अमनच्या घरात ओटा होता, पण शेगडीला ज्योतच नव्हती. काळी काच तापायची. उषाबाईने तिच्यावर हात धरून धरून तिचा स्वभाव ओळखला आणि दुसऱ्या दिवशी पोळी फुगवली. जेवणाआधी राजकुमारीबाई जालन्यासारख्याच पाच मिनिटं स्वयंपाकघरात येत. "उषा, माझा चष्मा बघ बरं आतमधी," म्हणून तिला पाठवत आणि आपल्या स्टीलच्या डबीतलं चूर्ण घेत. ही डबी गुडघ्याच्या गोळ्यांबरोबर कायम त्यांच्या पर्समध्ये असे.

सकाळी पाहायला निघायचं. मोठ्या चर्चला लागून उंच मनोरा होता. मुळात मशिदीचा, मग त्यावर घंटा चढवल्या, असं अमन म्हणाला. राजकुमारीबाईंनी गुडघ्यांकडे पाहिलं.

"पायऱ्या न्हाईत, दादीजी. उतार हाय वरपर्यंत. बांग देनारा घोड्यावर बसून जायचा म्हनतेत."

"मंग जालन्याचा ॲटो बी गेला असता," शेटजी म्हणाले.

"तुमी बसा ॲटोची वाट पाहत," म्हणून राजकुमारीबाई निघाल्या. पस्तीस उतार उषाबाईच्या खांद्याला धरून चढल्या, आणि वर पोचल्यावर शेटजींना दम लागला होता, त्यांना नाही.

आणि सगळीकडे ती झाडं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, चौकात, शाळेपुढे, थेट बँकेच्या दारात संत्र्याची झाडं, पांढऱ्या फुलांनी लगडलेली.

"अरे, हा तर आपल्या मोसंबीच्या बहाराचा वास," शेटजी पहिल्याच दिवशी थांबून म्हणाले. "उषाबाई, तुमच्या वाटूरला आल्यावानी वाटून राह्यलं का न्हाई?"

उषाबाईचा बाप वाटूरला मोसंबीच्या बागेत पाणी द्यायच्या कामावर होता. बहार फुटला, की वास फाट्यावर यायचा आणि एसटीतून उतरणारा माणूस आधी छातीभर श्वास घ्यायचा. तिने छातीभर श्वास घेतला. गार हवा आत गेली. नुसती हवा.

"व्हय, शेटजी. अगदी तसाच," ती म्हणाली.

*

पाचव्या दिवशी राजकुमारीबाईंची आयंबिलाची ओळी बसली, जैनांचं व्रत. चैत्रातले नऊ दिवस दिवसातून एकदाच जेवायचं आणि तेही तेल-तूप, मीठ-तिखट काही नसलेलं. परमुलुखातही त्यांनी ती सोडली नाही. उकडलेले मूग, कोरडी पोळी. हा स्वयंपाक उषाबाईचा कधी म्हणजे कधीच चुकत नसे.

बाकीच्यांचा चुकू लागला. म्हणजे कुणी काही बोललं नाही. पण जालन्याहून आणलेली लोणच्याची बरणी, जी महिनाभर पुरायची, ती तीन दिवसांत निम्मी झाली. शेटजी वरणावर लोणचं घेत, भाजीशी लोणचं घेत, एकदा तर खिचडीत लोणच्याचा खार ओतून घेतला. पापड संपले. अमन कारखान्यात जेवतो म्हणाला.

"काही कमी-जास्त हाय का, शेटजी?" उषाबाईने विचारलं.

"न्हाई, न्हाई. बराबर हाय," ते ताटातच बघत म्हणाले.

राजकुमारीबाईंनी सूचना दिली नाही, चाखलंही नाही. ओळीत चाखायचं नसतं. पाच मिनिटांसाठी स्वयंपाकघरात येणंही त्यांनी बंद केलं होतं. जेवणं चालू असताना त्या खिडकीशी उभ्या राहून खालच्या झाडांकडे बघत असत.

आठव्या दिवशी अमन सगळ्यांना त्या मोठ्या चर्चच्या अंगणात घेऊन गेला. दगडी फरशीचं भलं मोठं अंगण, ओळींनी लावलेली संत्र्याची झाडं. शेटजी कमानी बघत होते. उषाबाईने खाली बघितलं आणि जागीच थांबली. प्रत्येक झाडाला गोल आळं होतं आणि एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात विटांचा पाट गेला होता. तिचा बाप फावड्याने करायचा तेच इथे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी पक्कं बांधून ठेवलं होतं. पाणी कुठून सोडतात ते बघत ती पाटापाटाने थेट टोकापर्यंत गेली. तोंड सापडलं, तेव्हा तिला बापाला दाखवावंसं वाटलं.

परत आली तर झाडाखाली दोन-चार फळं पडलेली. बागेतल्या बाईला पडलेलं फळ दिसलं की हात आपोआप खाली जातो. तिने एक उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली.

"मावशी, ते..." अमन म्हणाला आणि त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

फोड गार होती, रसाळ होती. उषाबाईने सावकाश चावून गिळली. वर पाहिलं तर तिघंही तिच्याकडे बघत होते. ही बागेतली, हिला विचारावं, म्हणून बघत असतील, असं तिला वाटलं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "आपल्या वाटूरच्या बागंतल्यावानी."

शेटजी पुढे आले. त्यांनी तिच्या हातातून एक फोड घेतली, तोंडात टाकली, चावली, गिळली.

"बराबर," ते म्हणाले. "ग्वाड हाय."

"डोळ्यात पानी काहून आलं मंग?"

"ऊन लागून राह्यलं."

निघताना उषाबाई मागे राहिली. पलीकडच्या झाडाखाली गोऱ्या बायकांचा एक घोळका होता. एकीने तसंच पडलेलं फळ सोलून चावलं आणि दुसऱ्या क्षणी तोंड वाकडं करून थुंकलं. बाकीच्या हसत सुटल्या. दुसरीने चाखून पाहिलं, तीही थुंकली.

उषाबाईच्या हातात उरलेल्या सात फोडी होत्या. तिने त्या आळ्यात ठेवल्या आणि पदराला हात पुसले. शेटजी पुढे चालत होते, खिशातून रुमाल काढून हळूच जीभ पुसत होते.

*

घरी आल्यावर शेटजींचं पोट बिघडलं. बिघडणारच.

"उषाबाई, चूर्ण हाय का कुठं?"

"भाभीजींच्या डबीत हाय ना. देते."

राजकुमारीबाई सामायिकला, रोजच्या ध्यानाला, बसल्या होत्या. तोंडाला मुहपत्तीचं पांढरं फडकं, पुढ्यात वाळूचं घड्याळ. अठ्ठेचाळीस मिनिटं बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. डबी शेजारच्या खिडकीत गोळ्यांपाशी होती. उषाबाईने ती उचलली, तसे राजकुमारीबाईंचे डोळे उघडले. त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा. उषाबाईला वाटलं, घे म्हणतायत.

तिने झाकण काढलं. आत पांढरं होतं. चूर्ण पांढरं कुठे असतं? तिने चिमूट घेऊन बोटांत चोळली. वास नसला, चव नसली, तरी बावीस वर्षं ज्या वस्तूत बोटं घातली ती बोटांना कळतेच.

मीठ होतं.

जालन्यातली पाच मिनिटं तिला आठवली. आतला चष्मा, गच्चीवरचं वाळवण, दाराबाहेरचा दूधवाला. जेवणाआधी रोज काहीतरी बघायला भाभीजी तिला पाठवत. रोज, पाच वर्षं. आपला हात बसला होता म्हणे.

राजकुमारीबाई तिच्याकडे बघत होत्या. घड्याळातली वाळू अजून निम्मी वर होती. उषाबाईने झाकण लावलं, डबी कनवटीला खोचली आणि स्वयंपाकघरात गेली. शेटजींना ओवा आणि गरम पाणी दिलं. सामायिक झाल्यावर राजकुमारीबाई उठल्या, गोळ्यांपाशी गेल्या, जरा थांबल्या. डबी कुठे गेली, असं त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उषाबाईने शेटजींसाठी मठ्ठा आणि मऊ भात केला. मीठ नेहमीसारखंच घातलं आणि झाकण उलटं ठेवलं. मग त्या उलट्या झाकणाकडे बराच वेळ बघत उभी राहिली, आणि ते सुलटं केलं.

*

संध्याकाळी सहाला लख्ख ऊन होतं. इथे सूर्य पावणेनऊला मावळतो, म्हणून सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या शेटजींना हे शहर फार पसंत पडलं होतं. तिथल्या लोकांच्या सणाचा आठवडा चालू होता. गल्ली माणसांनी भरली होती. आधी उंच टोकदार टोप्यांनी तोंडं झाकलेली माणसं मेणबत्त्या घेऊन गेली, मग बाजा, आणि मग त्यांच्या देवीचं मखर आलं. चांदीचे खांब, वर छत, पुढे मेणबत्त्यांच्या रांगा, आणि सगळं डुलत डुलत पुढे येत होतं. चाकं दिसत नव्हती. अमनने खाली बोट दाखवलं. मखमली पडद्याच्या काठाखाली पावलं होती, कापडी बुटांतली तीस-चाळीस पावलं, अगदी एका तालात.

"आतमधी मानसं हायेत, मावशी. मानंवर वजन घेऊन चालतेत. त्यायला बाहेरचं काहीच दिसत न्हाई."

"अन् ही एवढी चिंचोळी गल्ली?" शेटजी म्हणाले. "भिंत लागली तर?"

"तो कोटवाला बघा पुढं. त्यो सांगतो. डावीकडं, हळू, थांबा. त्याच्या आवाजावर चालतेत."

"अन् त्यो गप बसला तर?" उषाबाईने विचारलं.

"मंग धडकतील की."

मखर त्यांच्या अगदी पुढ्यात येऊन टेकलं. धुपाचा निळा धूर माणसांवर पसरला. वर बाल्कनीतून कुणीतरी पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या टाकल्या. गर्दीने डोळे मिटून श्वास घेतला.

"काय वास..." राजकुमारीबाई म्हणून गेल्या आणि थांबल्या. उषाबाईकडे न बघता म्हणाल्या, "काही न्हाई. पाय दुखून राह्यले."

कोटवाल्याने मखराच्या पुढचा लोखंडी हातोडा एकदा आपटला. आत पावलं सावरली. तो वाकून आतल्यांशी काहीतरी बोलला, अगदी घरातल्यासारखं.

उषाबाईने कनवटीची डबी काढली आणि राजकुमारीबाईंच्या हातात ठेवली.

"ही पर्समधी नका ठिवू आता, भाभीजी. वट्यावर ऱ्हाऊ द्या. तुमची ओळी हाय तवर शेटजी चाखतील, मंग तुमी. किती टाकू ते तोंडानं सांगायचं. टाकनार मी."

"कायचं बोलून राह्यली तू, उषा?" राजकुमारीबाईंचा आवाज बारीक झाला होता. शेटजी दुसरीकडे, बाजाकडे बघत होते.

हातोडा दुसऱ्यांदा पडला आणि मखर एकदम उचललं गेलं. सगळ्या मेणबत्त्या हलल्या, एकही विझली नाही.

"मला वास येत न्हाई, भाभीजी," उषाबाई म्हणाली. "चव बी न्हाई. पाच वर्षं झाली."