पणजीची बोली

लेकीला ऐकू येत नाही हे ती दीड वर्षाची असताना नक्की झालं. घराण्यात आणखी कुणी असं होतं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आई चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. नाही, असं ती सांगून आली, पण मनाला चैन पडेना.

माहेरी तिच्या आईकडची माणसं सगळी खणखणीत कानांची. तिचे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या कागदांत आजोबांचा शाळेचा दाखला सापडला. त्यावर आजोबांच्या आईचं, म्हणजे पणजीचं, नाव आणि ‘इस्पितळातील धोबीकाम’ एवढंच होतं. मग तिने इस्पितळाच्या दप्तरखान्यात तीन शनिवार घालवले. तिथल्या कारकुनाने कंटाळा न करता नोंदवह्या काढून दिल्या. शेवटी पणजी सापडली. सहीच्या जागी अंगठा आणि पुढे शेरा : बहिरी-मुकी, काम चोख.

घरात याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. पणजीच्या मुलांपैकी आता फक्त धाकटे आजोबा हयात होते, नव्वदीचे. ती तडक त्यांच्याकडे गेली. आधी त्यांनी विषयाला बगल दिली. मग म्हणाले, “पोरांची लग्नं मोडतील म्हणून तोंडाला कुलूप लावलं. जिने चादरी इस्त्री करकरून चौघांना वाढवलं, तिलाच लपवलं.”

पणजी हातांनी बोलायची, त्यांनी करून दाखवलं. छातीवर दोनदा तळवा : मी आहे, घाबरू नकोस. आई थबकलीच. लहानपणी तिला सोडताना शाळेच्या फाटकाशी वडील रोज हेच करायचे. ती त्यांची लकब, असं ती समजत आली होती.

“मला सगळं शिकवा, आजोबा,” ती म्हणाली. “माझ्या लेकीला उपयोगी पडेल.”

दर रविवारी ती लेकीला घेऊन जाऊ लागली. म्हाताऱ्याला आठवून आठवून पन्नासेक खुणा सापडल्या. बाकीच्या ती बहिऱ्यांच्या शाळेत शिकली. पोरगी आधी नुसती टकामका बघायची. चौथ्या रविवारी तिने ओठांशी अंगठा नेऊन पाणी मागितलं. आजोबांनी स्वतः उठून पेला भरून आणला. ती प्यायली आणि तिने लगेच पुन्हा मागितलं. तहान कसली, गंमत वाटली होती तिला. असे पाच पेले झाले.

“माझ्या आईचेच गुण,” आजोबा डोळे पुसत म्हणाले. “तीही आम्हाला अशीच दमवायची.”

आईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आभार कुणाकुणाचे मानायचे, तिला कळेना.