मिशा आणि डूल

बायको गेल्याचं पेंटरला कळलं तेव्हा तो नव्या नाट्यगृहाच्या मागच्या पॅसेजमध्ये, स्टुलावर बसून, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर एका बाईचा अंबाडा रंगवत होता.

फोन दवाखान्यातून होता. नर्स फार हळू बोलत होती. पेंटर "हो" म्हणाला, "बरं" म्हणाला, "लगेच येतो" म्हणाला, आणि लगेच गेला नाही. ब्रशवर काळा रंग होता, आणि भरलेला ब्रश तसाच टाकायचा नाही ही तीस वर्षांची सवय. त्याने ब्रश दारावर रिकामा केला, टर्पेंटाइनमध्ये धुतला, डब्याचं झाकण मुठीने ठोकून बसवलं आणि मग निघाला. त्या शेवटच्या ब्रशने आपण काय काढलं, हे त्याला पुढे आठवलं नाही.

ते तीन आठवड्यांनी नाट्यगृहाच्या मॅनेजरने फोन करून सांगितलं.

"अहो पेंटर, तुमचं दुःख मोठं आहे, मला बोलायलाही जड जातंय. पण आज संध्याकाळी पहिला प्रयोग आहे आणि इथे आत्याबाईला मिशा फुटल्यात! आता काका म्हणायचं का तिला?"

पेंटर कोकराला बरोबर घेऊन गेला. कोकरू म्हणजे त्याचं एकुलतं एक लेकरू. जन्मल्यापासून डोक्यावर कुरळे केस, म्हणून हे नाव, आणि बावीस वर्षांचं होऊन नकाशांच्या ऑफिसात कामाला लागलं तरी घरात तेच चालू. डोक्याची एक बाजू बारीक कापलेली, एका कानात डूल, अंगात बापाचा जुना शर्ट. तीन आठवडे दोघं घरात एकमेकांना चहा करून देत होते आणि कप विसळत होते. बोलणं जवळपास तेवढंच.

पॅसेजमध्ये तीन दारं होती. पहिल्यावर झुपकेदार मिशांचा पुरुष. तिसरं कोरं. त्याच्या आत खरं तर तिसरं स्वच्छतागृहच होतं, पण तिथे बादल्या भरून ठेवल्या होत्या. आणि मधल्या दारावर अंबाडा, कानात लाल डूल, आणि नाकाखाली पहिल्या दारावरच्यासारख्याच मिशा. थोड्या जास्तच झुपकेदार.

कोणालाच डोळे नव्हते. डोळे बायको काढायची. चेहरा पेंटरचा, डोळे तिचे, अशी त्यांच्या धंद्यातली वाटणी होती, कारण पेंटरने काढलेला एक डोळा गिऱ्हाइकाकडे बघायचा आणि दुसरा घरी निघालेला असायचा. आजारपणातही ती म्हणाली होती, "अहो, चेहरे करून ठेवा. बरी झाले की येते डोळे काढायला."

"तीन दिवस तालमी चालू आहेत," झाडूवाल्या मावशी सांगू लागल्या. "माणसं इथे येऊन उभी राहतात आणि विचार करतात. काल एक बुवा आत गेला, बाहेर आला, दार बघितलं, परत आत गेला, परत बाहेर आला आणि मला विचारतो, मावशी, मी कुठे आहे?"

कोकराच्या तोंडून आधी फुर्र असा आवाज आला. मग ते भिंतीला टेकलं, मग खाली बसलं, आणि मग त्याची हसून हसून मुरकुंडी वळली. पेंटर आधी रागावला. मग त्याने पुन्हा दाराकडे बघितलं. त्या मिशांचा डौल बघून त्यालाही आवरेना. मावशी हसल्या. मॅनेजर ओठ आवळून म्हणाला, "हसण्यावारी नेऊ नका, पुसा आधी," आणि स्वतःच तोंड फिरवून खांदे हलवू लागला.

मॅनेजर तिकिटांकडे आणि मावशी बादलीकडे गेल्या. पेंटरने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली.

"बाबा, पुसू नका," कोकरू जमिनीवरूनच म्हणालं.

"का?"

"हे माझं चित्र आहे."

"तुझं? हे तर कोणाचंच नाही. हाताने भलतंच काढलंय माझ्या."

कोकराने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "आईला माहीत होतं. ती म्हणायची, ह्यांना मी सांगते, जरा वेळ बघून. मग वेळच राहिला नाही." त्याने कानातला डूल चाचपला. "मला कोणी पुरुष म्हटलं की दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं होतं. बाई म्हटलं तरी तेच. चालता येतं, पण सारखं लक्ष पायाकडे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग अनवाणी चल, काचा मी बघते."

पेंटरच्या हातातल्या चिंधीतून थेंब गळत होते. त्याला एकदम शाळेतला एक जुना कार्यक्रम आठवला. सात वर्षांच्या कोकराला त्याने विचारलं होतं, राजा व्हायचंय की राणी? कोकरू म्हणालं होतं, दिव्याचा खांब. बायकोने तेव्हा एक प्रश्न न विचारता पुठ्ठ्याचा खांब करून दिला होता, आणि पेंटर आठवडाभर सगळ्यांना सांगत होता, आमच्याकडे खांब जन्माला आलाय.

"म्हणजे तेव्हापासून?" तो म्हणाला.

"काय तेव्हापासून?"

"तो खांब."

"बाबा, खांब आवडायचा म्हणून खांब झालं. पण हो. तेव्हापासूनच."

"आणि मला पंधरा वर्षांनी कळतंय. तेही मिशांमुळे."

"तुम्हाला वाईट वाटलं का?"

पेंटरने खरंखुरं तपासून बघितलं. वाईट तर तीन आठवडे सतत वाटत होतं, त्यात हे कुठे बसतं ते त्याला सापडेना. "सगळं समजलं नाही अजून," तो म्हणाला. "पण वाईट नाही वाटलं. तिने एकटीने काचा बघितल्या, तेवढं लागलं." आणि त्याने चिंधी पिळून खिशात घातली.

मॅनेजर परत आला तेव्हा दार तसंच होतं. "पेंटर! दोन दगडांवर पाय ठेवला की माणूस पाण्यात पडतो. बाई तर बाई, बुवा तर बुवा!"

"आणि तिसरा दगड असला तर?" पेंटर म्हणाला. "हे दार काढून तिकडे लावू, तिकडचं कोरं इकडे. कोऱ्यावर बाई काढतो तासाभरात. मापं सारखीच आहेत."

"तिथे बादल्या आहेत!"

"बादल्या माझ्या आहेत," मावशी मागून म्हणाल्या. "त्या जिन्याखाली राहतील. आत नळ आहे, दिवा आहे, सगळं आहे. आणि साहेब, परवा तुमचीच बहीण तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याला घेऊन तालीम बघायला आली, तेव्हा कुठल्या दाराने न्यावं म्हणून ताटकळत उभी होती, विसरलात?"

मॅनेजर विसरला नव्हता. त्याने तळहात पुढे केला आणि पेंटरने बिजागऱ्यांचे स्क्रू एक एक करून त्यात ठेवले.

मग जे झालं त्याला काम म्हणणं कठीण. कोकरू दाराच्या मिशांकडे, पेंटर अंबाड्याकडे, मावशी पुढे "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत, पॅसेजमध्ये दुसरं कोणीही नसताना. बादल्यांचा मनोरा कोसळला, एक बादली घरंगळत थेट रंगमंचापर्यंत गेली आणि तिथून कोणीतरी ओरडलं, "माझं वाक्य अजून झालेलं नाही!" दार लावून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "झकास, पण बाई शीर्षासन का करतेय?" डूल आभाळाकडे लोंबत होते. पुन्हा सगळे स्क्रू मॅनेजरच्या हातात. तोवर त्याचा टायही पेंटरच्या उघड्या रंगाच्या डब्यात बुडून आला होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

कोऱ्या दारावर पेंटरने बाई काढली. मिशा नाहीत, हे कोकराकडून दोनदा तपासून घेतलं.

राहिले डोळे. पेटीच्या तळाशी बायकोचा बारीक ब्रश होता, मुठीला तिनेच चिकटपट्टी गुंडाळलेला. पेंटरने पुरुषाचे डोळे काढले. एक रंगमंचाकडे, एक पार्किंगकडे. कोकराने बाईचे काढले. आईसारखे नव्हते, पण दोन्ही एकाच दिशेला बघत होते.

तिसऱ्या दारासमोर पेंटरने ब्रश पुढे केला. "घे. तुझं चित्र."

"तुम्ही काढा."

"तिरळे होतील."

"होऊ देत."

त्याने ब्रश दारापर्यंत नेला. तेवढ्यात पहिली घंटा झाली, पॅसेज माणसांनी भरला, आणि कोणीतरी गुणगुणत आलं, मिशांवर आणि डुलांवर नजर टाकली, दार ढकललं आणि न थबकता आत गेलं. कोकराने बापाचा दंड घट्ट धरला.

पेंटरने ब्रश धुतला आणि पेटीत ठेवला.

कडी नीट लागते. मिशा आणि डूल जागच्या जागी आहेत. त्या दाराचे डोळे काढायचे अजून राहिलेत.