सकुबाईची गोणी

टोकावड्याच्या अलीकडे, मुरबाडकडून येणाऱ्या रस्त्याला लागूनच पंढरी विशे यांची शेड आहे. यात्रांमधले जुने पाळणे इथे दुरुस्तीला येतात, नवेही बनतात. शेडचा एक रिवाज होता. पाळणा तयार झाला की आधी धाऊच्या वाडीने त्यात बसायचं. धाऊ हा शेडचा मुख्य फिटर. वाडी डोंगरावरून उतरायची, नारळ फुटायचा, माणसं फुकट झोके घ्यायची. भरलेला पाळणा नीट चालला की काम पास.

यंदा गुडघ्यांमुळे पंढरी घरी बसले आणि शेड त्यांच्या मुलीकडे, हर्षालीकडे आली. शहापूरच्या बाजूला होणाऱ्या एका नव्या पार्कने तिला झुलती नाव, म्हणजे माणसं बसवून पुढेमागे झोके घेणारी मोठी होडी, बनवायला सांगितली होती. अट एकच होती, चाचणी माणसं बसवून करायची नाही.

"धाऊकाका, उद्या वाडीला बोलवू नका," ती म्हणाली. "आधी वजन टाकून बघू."

धाऊ पान्यावरचं ग्रीस पुसत राहिला. "आईला काय सांगू? ताईचा भरवसा नाय?"

"तुमच्यावर आहे. नावेवर नाही."

"नाव मीच केली ना गो? वाडी बसली नाय तर नाव न्यायच्या ट्रकला मी हात लावायचा नाय."

शेडमधली निम्मी माणसं त्याच्या वाडीची होती. तो गेला असता तर तीही गेली असती, आणि पार्कात नाव उभी करायला कोणीच उरलं नसतं.

सकाळी वाडी आलीच. पुढे धाऊची आई सकुबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून. प्रत्येक नावेत मागच्या ओळीतली कडेची जागा तिची असायची, कारण तिथून झोका सगळ्यात उंच जातो.

हर्षाली रात्रभर विचार करून आली होती. "आजी, आज आधी तुमची गोणी बसेल, मग तुम्ही," ती म्हणाली.

शेजारच्या भातगिरणीच्या काट्यावर एकेकाचं वजन झालं. तेवढाच मुरूम गोणीत भरायचा आणि उरलेल्या लाल रंगाने वर त्याचं नाव लिहायचं. हे वाडीला आवडलं.

"आजे, तुझ्या गोणीला घमेली पुरंनात," वेल्डर रोशन म्हणाला.

"तुझ्या गोणीत भुसा भर रे. कामाला तसाच हायेस," सकुबाई म्हणाली. "माझी मागं बसवा. कडंला."

धाऊने गोण्या बसवल्या. मांडीवर येणारे आडवे दांडे खाली ओढले. दांडा अडकवून ठेवणारी प्रत्येक खिटी कट् करून लागली. हर्षालीने मोटर सुरू केली.

नाव हळूहळू उंच जाऊ लागली. पुरती वर गेली तेव्हा मागच्या ओळीचा दांडा उचलला गेला आणि कडेची गोणी बाहेर सरकली. खाली कोब्यावर पडून ती फुटली. हर्षालीने मोटर बंद केली.

सकुबाई मुरुमाच्या ढिगाजवळ गेली. "मी पडले," ती म्हणाली.

धाऊ वर चढला. दांडा दाबला, खिटी लागली. दांडा वर ओढला, खिटी सुटली. तिचा दात पुरता बसतच नव्हता. तो बराच वेळ दांडा वरखाली करत राहिला.

"माणसं दांडा घट्ट धरून बसतात, म्हणून कळत नाय," तो खाली उतरून म्हणाला. "गोणीला हात नायत."

मग त्याला दुसरं काही आठवलं. त्याने खिशातून फोन काढला. गेल्या साली याच मापाची, याच खिट्यांची नाव त्यांनी प्रणितला करून दिली होती. तो ती घेऊन यात्रा फिरतो.

"प्रणित, नाव चालू हाय? थांबव. आत्ता. माणसं उतरव... नाय, मोटर नाय. खिट्या. मी येतोय. माझी चूक हाय, तू फक्त थांबव."

फोन ठेवून त्याने रोशनला गाडी काढायला सांगितली. नाव उशिरा मिळेल, असं हर्षालीने पार्कला कळवलं.

प्रणितच्या नावेच्या खिट्या आधी बदलल्या गेल्या, मग शेडमधल्या. त्यानंतर गोण्या पुन्हा बसल्या. सकुबाईची नवी गोणी जागची हलली नाही. मग वाडी बसली.

सकुबाईने मागची जागा सोडली नाही. "तू ये बाजूला," ती धाऊला म्हणाली.

धाऊ बसला. दांडा खाली आला. हर्षालीने मोटर सुरू केली तेव्हा त्याने दोन्ही हात दांड्यावरून काढून मांडीवर ठेवले.