चिगरीची भाकरी

चार दिवस झाले, चिगरीनं भाकरीला तोंड लावलं न्हवतं, आन आमच्या ह्यांना काळजी कसली, तर तिच्या जातीच्या नावाची!

चिगरी माझ्या आप्पांची कारवानी कुत्री. आप्पा घोंगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पायीच बाजार करायचे, ही कायम मागं. ते गेले, आन मी हिला माहेराहून सोलापुरात आणलं. ह्यांनी नवी पेठेतल्या आपल्या कापडदुकानाच्या दारात बांधली. मग काय! गिऱ्हाईक यायचं कापडाला आन बसायचं पंडित होऊन.

"कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा," पंचाक्षरी मास्तर म्हणाले. "त्यांच्याबरोबर लांबून चालत आली, म्हणून कारवानी."

"छ्या! मुधोळची हाय, मुधोळच म्हणायचं," निंगप्पा शिंपी तावातावानं बोलला.

"केसाळ असली की पश्मी म्हणतात की," आमचे हे मधेच.

मी चहा देत होते आन आतनं जळत होते. मेल्यांनो, कुत्री मरायला लागलीया! जनावरांचा डॉक्टर म्हणाला, आजार न्हाय. मग खात का न्हाय? रात्रंदिवस साखळी खुळखुळायची. मी आत-बाहेर नुसती येरझाऱ्या घालायची. माझं ताटबी झाकलेलंच ऱ्हायचं.

मास्तरांचं 'चालत आली' मात्र डोक्यातनं जाईना. आन एकदम आठवलं. आप्पांनी हिला घरात कधी खायला घातलंच न्हाय! चालायचं, झाडाखाली गाठोडं उतरायचं, मगच भाकरी. अर्धी त्यांची, अर्धी हिची. पिल्लू होती तेव्हापासून.

भाकरी कमरेला बांधली, दुकानातलं एक गाठोडं डोक्यावर घेतलं आन साखळी सोडली.

"अगं, कुटं निघालीस? लोक काय म्हणतील?"

"तुमी तिच्या जातीचं नाव शोधत बसा!"

अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो. आधी अडखळत होती, मग माझ्या मागं बरोब्बर चालायला लागली. दोन तासांनी लिंबाखाली मी गाठोडं उतरवलं, भाकरी मोडली आन आप्पांसारखंच कानडीत म्हटलं, "ऊट माडव्वा." जेव बाई.

तिनं गाठोडं हुंगलं. माझ्याकडं बघितलं. आन खाल्ली की हो! मला रडूच फुटलं.

उरलेली अर्धी मी खाल्ली. आप्पा गेल्यापासून माझ्याबी घशाखाली घास उतरला न्हवता. ते कुणी विचारलंच न्हवतं.