घरच्या पुरुषाची सही

स्त्रीच्या सुरक्षिततेची काळजी वाहणे हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाचे आद्य कर्तव्य होय. शहराच्या क्रीडामंडळाने हे कर्तव्य एका पानात बसवले होते. महिला क्लबांच्या हँडबॉल स्पर्धेची पात्रता फेरी खेळायची, तर प्रत्येक खेळाडूने संमतिपत्र आणायचे. खाली घरच्या पुरुषाची सही. पुरुषांच्या स्पर्धेला असले पत्र लागत नसे. त्यांची काळजी घरच्या बायका सहीशिवायच वाहत.

भिंतीची पंचाईत इथेच होती. भिंत म्हणजे क्लबची गोलरक्षक. वय सदतीस, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, हॉस्पिटलच्या धुलाईघरात मुकादम. घरी सासू आणि दीर. घरातला प्रत्येक कागद तीच भरायची, सही करायच्या जागी पेन्सिलीने फुली मारायची आणि दिरापुढे ठेवायची. दीर फुलीवर सही करायचा आणि घर चालवल्यासारखा दमून बसायचा.

शनिवारी सकाळी तिने सवयीने फुली मारून संमतिपत्र ठेवलं. नेमका त्याच दिवशी दिराने आयुष्यात पहिल्यांदा कागद वाचला.

"वहिनी, हे काय? चारचौघांत खेळणार? अर्ध्या चड्डीत?"

"गोलरक्षकाला पूर्ण पँट असते, भावोजी."

मुख्य मुद्दाच असा निसटल्यावर तो जरा गडबडला. "तरी पण... दादा नसताना लोक काय म्हणतील?"

"गोल अडवला म्हणतील."

"मी सही करणार नाही. या घराची जबाबदारी आहे माझ्यावर."

"बरं. घराची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत?"

"ते... तुम्हालाच माहीत."

सासू वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पँट गुडघ्यावर उसवलीय ना तुझी? आण इकडे, टाका घालते."

त्या घरात ठराव असेच मंजूर होत.

रविवारी मैदानाच्या दारात टेबल टाकून मंडळाचे चिटणीस बसले होते. त्यांनी भिंतीचं पत्र हातात घेतलं. पेन्सिलीच्या फुलीवर निळ्या शाईत तिचीच सही होती.

"बाई, इथे घरच्या पुरुषाची सही लागते."

"पुरुष वारले."

"मग दीर, भाऊ, कुणीतरी असेलच की."

"साहेब, रोज चारशे चादरी माझ्या सहीने वॉर्डात जातात. डॉक्टर त्यावर माणसं झोपवतात. अजून कुणी विचारलं नाही, घरी कोण असतं म्हणून."

"चादरींचं वेगळं. हा तुमच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"माझी अब्रू ना? मग सहीही माझीच."

मागे रांगेत उभ्या असलेल्या कर्णधार बाईंना हे ऐकवेना. ती बस चालवायची, त्यामुळे आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असाच होता. "अहो, साठ माणसं घेऊन घाट उतरते मी, तेव्हा माझ्या नवऱ्याची सही मागतं का कुणी? तो तर मागच्या सीटवर घोरत असतो! आणा ते माझं पत्र."

तिने नवऱ्याच्या सहीवर आडवी रेघ मारली, खाली स्वतःची ठोकली आणि पेन मागे दिलं. पेन उरलेल्या दहाही जणींच्या हातून फिरलं. एकीने सासऱ्यांची सही खोडताना "माफ करा हं, मामंजी" असं म्हटलं, पण खोडली मात्र दोनदा.

"अशाने अख्खा संघ बाद होईल!" चिटणीस ओरडले.

"करा," भिंत म्हणाली. "आणि ते हार घेऊन बसलेत ना प्रमुख पाहुणे, त्यांना कारणही तुम्हीच सांगा."

चिटणिसांनी पाहुण्यांकडे पाहिलं, बारा सह्यांकडे पाहिलं, आणि सगळ्या पत्रांवर शिक्के मारले. शिक्का तेवढा जोरात मारला.

भिंत टाका घातलेल्या पँटमध्ये गोलात जाऊन उभी राहिली. हात पसरले. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी अडवणार नव्हतं; समोरून येणाऱ्याला तिनेच अडवायचं होतं.

समोरून कुणी येईना. पंचांनी घड्याळ पाहिलं. पलीकडच्या बाकावर चारच मुली बसल्या होत्या, चौघींच्या मांडीवर व्यवस्थित सही केलेली पत्रं. त्यांच्या उरलेल्या आठ जणींना घरून सही मिळाली नव्हती.

सामना सुरू करायला किमान पाच खेळाडू लागतात. निकाल नियमाप्रमाणे दहा-शून्य लागला. चेंडू पिशवीतच होता.